सासऱ्याचं नाव

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणाच्या बोटीचं इंजिन रुसलं की सूरज डोर्लेकरला हाक जाते. त्याची एक पद्धत आहे. आल्या आल्या तो पान्याला हात लावत नाही. टाकीपासून सुरुवात करतो आणि डिझेल कुठवर पोचतंय ते बघत बघत पुढे सरकतो. टाकी, फिल्टर, पंप, नोझल. मध्ये कुठेतरी हवा धरलेली असते. ती जागा सापडली की निम्मं काम झालं, असं तो म्हणतो.

बायकोच्या नागरिकत्वाच्या अर्जाचे कागद जमवायला घेतले तेव्हा त्याने हीच पद्धत धरली. एका टोकाला नेपाळातलं अछाम, तिथे तिचा जन्म. दुसऱ्या टोकाला रत्नागिरी, तिथे तिचा संसार. मधले कागद ओळीने लावायचे, की झालं.

बायकोचं नाव मनस्वी. आईबापांच्या कडेवर बसून ती कोकणात आली आणि गोळपच्या कातळी सड्यावरच्या एका आंब्याच्या बागेत वाढली. तिचे वडील त्या बागेत राखणीला होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. बाजारात भाव करायला लागली तर मासेवाल्या बायकांनाही वाटायचं की ही इथलीच कुणाची तरी लेक. बागेतल्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला सूरज तीनदा गेला. त्यात पंप खरा एकदाच बिघडला होता. पुढे लग्न झालं, अक्षया झाली, अक्षया शाळेतही जायला लागली, आणि मनस्वी वाडीतल्या अंगणवाडीत तुळसामावशींच्या हाताखाली पोरं सांभाळायला जायला लागली. नुसतीच, हौसेने. तुळसामावशी मदतनीस होत्या. त्या निवृत्त झाल्या की ती जागा मनस्वीला मिळावी असं सगळ्या वाडीला वाटत होतं. फक्त त्या जागेवर भारताचा नागरिक लागतो, आणि मनस्वी कागदावर अजून नेपाळची होती.

वकील स्वप्ना आयरे ही सूरजच्या वर्गातली. कोर्टाजवळ एका खोलीत तिचं टेबल होतं. सूरजने आणलेले कागद तिने पत्त्यांसारखे मांडले आणि एकेक उचलून वाचला.

"सूरज, हिच्या वडलांचं नाव काय?"

"बहादूर."

"नेपाळच्या नागरिकत्वाच्या कागदावर पदम आहे. पदम साउद."

"आज्याचं असेल ते."

"आज्याचं खाली वेगळं लिहिलंय. हे बापाचंच आहे." तिने लग्नाच्या नोंदीचा दाखला पुढे सरकवला. "आणि हे कुणी भरलं?"

सूरजने आपलं अक्षर ओळखलं. वधूचं लग्नापूर्वीचं नाव, मनस्वी बहादूर साउद. वधूचं लग्नानंतरचं नाव, मनस्वी सूरज डोर्लेकर.

"लग्नापूर्वी ती मनस्वी होती?"

"नाही. धनसरा. मनस्वी आईने ठेवलं. पण लग्न लागलं तेव्हा मनस्वीच झाली होती ना, म्हणून..."

"बायकोचं नाव बदलणं मी समजू शकते," स्वप्ना म्हणाली. "अर्धी रत्नागिरी त्यासाठीच माझ्याकडे येते. शाळेतलं एक, तांदळात लिहिलेलं दुसरं. प्रतिज्ञापत्र केलं की भागतं. पण बाबा रे, तू सासराही बदललास?"

सूरजला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. स्वप्ना हसत नव्हती.

"नीट ऐक. या दाखल्याप्रमाणे जिच्याशी तुझं लग्न झालंय ती बाई नेपाळात जन्मलेलीच नाही. आणि नेपाळात जी जन्मली तिचं तुझ्याशी लग्न झालेलं नाही. अर्ज कशाच्या जोरावर करायचा? तर तुझी बायको आहे, याच्या जोरावर. तोच पाय मोडलाय."

मग तिने शाळेचा दाखला उचलला. त्यावर होतं, धनसरा बहादूर साउद.

"हा बरा आहे. धनसराही आहे, बहादूरही आहे. आता एकच हवं. बहादूर आणि पदम हा एकच माणूस, असं शपथेवर सांगणारा कुणीतरी आण. इथला, या देशाचा नागरिक, तुमच्या नात्यातला नको. तो मिळाला की लग्नाची नोंद दुरुस्त करून घेऊ, मग अर्ज. तो नाही मिळाला तर मी हे पुढे पाठवणार नाही. परत आलेला अर्ज पुन्हा उभा करणं फार कठीण."

"सोप्पं आहे. अख्खं गोळप बाबांना ओळखतं."

"बहादूरला ओळखतं," स्वप्ना म्हणाली.

घरी आला तेव्हा मनस्वी पडवीत सुकटीतले बारके खेकडे वेचून बाजूला काढत होती. त्याची आई गुणवंती शेजारी बसून तिला कसं वेचायचं ते सांगत होती. इतक्या वर्षांनंतर सांगायची काही गरज नव्हती, पण गुणवंती सांगायची आणि मनस्वी ऐकायची.

"तुझ्या बाबांचं नाव पदम आहे?"

"हो." तिने मान वर केली नाही.

"मग बहादूर कोण?"

"बहादूर सगळेच असतात. इकडे नेपाळातून आला की बहादूर. शेजारच्या बागेतला बहादूर, शाळेजवळचा बहादूर. शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा मालकांच्या माणसाने सांगितलं बहादूर. बाबा शेजारीच उभे होते."

"लग्नाच्या फॉर्मवर मी बहादूर लिहिलं तेव्हा तू बघितलंस की. सही केलीस त्यावर!"

मनस्वीने हातातली सुकट टोपलीत टाकली. "मला वाटलं, तुमच्यात सासऱ्याचंही नाव बदलत असतील."

गुणवंती खो खो हसली. सूरजला मात्र ते हसणं झेपलं नाही. बायको थट्टा करते आहे की नाही ते त्याला कळेना, आणि इतक्या वर्षांच्या संसारात हे कळू नये याचंच त्याला जास्त लागलं. तो सासऱ्याला बाबा म्हणायचा. जेटीवर त्याला स्वतःला 'बहादूरचा जावई' म्हणून चिडवायचे तेव्हा तो भांडायला उठायचा. पण भांडण 'जावई' या शब्दावरून असायचं. 'बहादूर'वर त्याने कधी हरकत घेतली नव्हती.

"आये, तुला माहीत होतं त्यांचं नाव?"

"मी त्यास व्याही बोलायची. व्याह्याचा नाव घेऊन काय करायचा?" गुणवंतीचं हसू ओसरलं होतं. "आणि हिचा बदललाय तां काय वायट केलंय मी? गुरख्याची पोर आणलंन, असा लोक बोलणार होते. एकदा मनस्वी झाली, पुन्हा कुणी बोललंन काय? सांग की गो तू."

"नाही बोललं, आई," मनस्वी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सूरज माणूस शोधायला लागला. जेटीवरचं काम उरकलं की मोटरसायकल काढायची आणि भाट्याचा पूल ओलांडून गोळपकडे जायचं. माणसं भरपूर भेटली. किराणावाला म्हणाला, "बहादूर? उधारीवर कधी काडेपेटी नेली नाही त्याने. मागच्या आठवड्यातलं सुटं राहिलेलं आणून द्यायचा, मी विसरलेला असायचो." पावसच्या रिक्षावाल्याला आठवत होतं की त्याच्या म्हाताऱ्याला साप चावला तेव्हा बहादूरने त्याला पाठीवर घेऊन सड्यावरून रस्त्यापर्यंत आणलं होतं. "आमचा म्हातारा मरेपर्यंत त्याचं नाव काढायचा." मग रिक्षावाला थांबला. "म्हणजे, बहादूर म्हणूनच." शाळेतल्या जुन्या बाईंना आठवत होतं की गॅदरिंगला तो मागे उभा राहायचा, खुर्ची दिली तरी बसायचा नाही, आणि लेकीचा नाच संपला की निघून जायचा.

सगळ्यांनी चहा पाजला, सगळ्यांनी आठवणी सांगितल्या. सूरज दररोज थोडा थोडा जास्त ओळखू लागला आपल्या सासऱ्याला. पण पदम हे नाव उच्चारलं की प्रत्येकाचा चेहरा कोरा व्हायचा. रिक्षावाला तर म्हणाला, "तू म्हणतोस तर लिहून देतो. कुठे सही करू?" सूरजचा हात खिशातल्या पेनकडे गेलाही होता. मग त्याला स्वप्नाचा चेहरा दिसला. पोलीस चौकशीला येतील, या माणसाला विचारतील, कधीपासून ठाऊक होतं हे नाव? हा काय सांगेल? कालपासून?

शेवटी तो बागेच्या मालकाकडे गेला. खरं तर तिथेच आधी जायचं, पण हरिश्चंद्रकाकांची त्याला थोडी भीती वाटायची. बोलायला सरळ, पण शब्द मोजून घेणारा माणूस. बागेत मोहोर फुटला होता आणि फवारणी चालली होती. काका बांधावर उभे राहून ओरडत होते, "बहादूर, वरच्या फांद्यांना मार! वरच्या!"

झाडावरून एक तिशीतला माणूस उतरला आणि नळी ओढत पुढच्या झाडाकडे गेला.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे बघ सूरज. बहादूर माझ्या वडलांनी ठेवलेला. घरच्यासारखा होता. त्याच्यावर बाग टाकून आम्ही महिना महिना मुंबईला राहिलो. तो कसा माणूस आहे हे तू म्हणशील तेवढ्या कागदांवर लिहून देतो. पण त्याचं नाव पदम, हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही ते शपथेवर नाही लिहायचा मी."

"काका, तिचं अख्खं काम अडलंय हो."

"कळतंय मला. म्हणूनच सांगतो. शेजारच्याने जमिनीच्या केसमध्ये असंच ऐकीव लिहून दिलंन, अजून तारखा खातोय. तुझ्या बायकोच्या कागदाला तसली खोट नको."

बोलून ते खाली बघत राहिले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. "घरच्यासारखा होता," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

बाहेर पडताना सूरजला तो फवारणीवाला माणूस पंपाजवळ बसलेला दिसला. पंप घरघरत होता. सवयीने सूरजने वाकून फिल्टर बघितला, साफ करून दिला.

"नाव काय तुझं?"

"बहादूर."

"ते नाही. घरचं."

त्या माणसाने त्याच्याकडे नीट बघितलं. बहुधा त्याला वाटलं, हा कुठल्या तरी खात्यातला असावा. मग सूरजच्या काळ्या बोटांकडे बघून त्याची खात्री पटली असावी. "दीपेंद्र," तो म्हणाला.

घरी येऊन सूरजने मनस्वीला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता चिडला. काकांवर, स्वप्नावर, मग स्वतःवर. मनस्वी अक्षयाची वेणी घालत होती. तिने वेणी पुरी केली, रिबिनीला गाठ मारली, आणि म्हणाली, "मालकांना ठाऊक नाही म्हणतात, तर ठाऊक करून देऊ. बाबा काय मेलेत थोडेच?"

सूरजने खिशातला फोन काढून बघितला. इतक्या लोकांना विचारत फिरलो आणि ज्याचं नाव त्यालाच फोन लावायचं डोक्यात आलं नाही. इंजिनाच्या बाबतीत असं कधी झालं नसतं.

रविवारी दोघं बागेत गेली. गुडघे गेल्यावर वडील अछामला परतले, त्यानंतर मनस्वी बागेत आलीच नव्हती. वडलांच्या खोपीच्या जागी आता पत्र्याची शेड होती. तिकडे तिने एकदा पाहिलं आणि सरळ काकांच्या ओटीवर जाऊन बसली. मग वडलांना व्हिडिओ फोन लावला. आधी तिच्या भाषेत काहीतरी भरभर बोलली. सूरजला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, फक्त तिचा आवाज वेगळाच वाटला, थोडा वरच्या पट्टीतला, पोरसवदा. पडद्यावर एक टोपी आणि अर्धा चेहरा दिसला आणि तिथेच गोठला. डोंगरात नेटवर्क तेवढंच. आवाज मात्र येत होता.

"मालक, मोहोर कसा हाय यंदा?"

हरिश्चंद्रकाकांनी फोन हातात घेतला. "बरा आहे. तुडतुडा आहे थोडा."

"सकाळी लवकर मारा. ऊन चढल्यावर मारलात तर फुकट."

"हो रे बाबा, सांगतो त्यांना." काका घुटमळले. एखाद्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरावं तसं त्यांना झालं असावं. "बहादूर, ऐक. तुझं नाव काय?"

तिकडे जरा शांतता झाली. नेटवर्क गेलं की काय म्हणून सूरज पुढे झाला.

"पदम, मालक. पदम साउद."

"मग एवढी वर्षं बोलला नाहीस ते?"

"बोललो होतो की. आलो त्याच दिवशी. तुमचे वडील म्हणाले, बरं बरं, बहादूर, ती बादली उचल नि विहिरीवर ये."

मनस्वी हसली. फोनमधूनही हसण्याचा आवाज आला. काकांनाही हसू फुटलं, पण ते लगेच विरलं.

"मी होतो तिथे?"

"होतात की. बादली तुम्हीच दाखवलीत."

काकांनी फोन मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि खाकरले. "हे बघ, चित्र दिसत नाही मला. आवाज तुझाच वाटतो. पण शपथेचं काम आहे. विहिरीकडच्या कलमाचं काय झालं होतं, सांग."

"खोडकिड्याचं? तुम्ही बोललात, तोडून टाक. मी तोडलं नाही. तुम्ही मुंबईला गेलात तेव्हा तार घालून किडा काढला नि भोकात माती लिंपली. आल्यावर तुम्हाला खोटं सांगितलं, की आपोआप सुधारलं." तो थांबला. "हाय का अजून?"

"आहे. पहिली पेटी त्याचीच जाते दर वर्षी," काका म्हणाले. "खोटं सांगतोयस हे तेव्हाच कळलं होतं मला. तारेचा तुकडा बुंध्यापाशीच पडला होता." आणि मग, जणू ते शब्द तोंडात बसतात का बघावं तसं, सावकाश म्हणाले, "बरं आहे, पदम. ठेवतो."

ते उठले, आत जाऊन सदरा बदलून आले. "कधी जायचं तुझ्या वकिलीणबाईकडे?"

स्वप्नाने प्रतिज्ञापत्राचा मसुदा टाइप करून ठेवला होता. काकांनी चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय? 'बहादूर या टोपणनावाने ओळखले जाणारे'?"

"असंच लिहितात काका, नमुना आहे तो."

"टोपणनाव लाडाने ठेवतात. नाहीतर चिडवायला ठेवतात. आम्ही ठेवलंच नव्हतं काही. आम्ही विचारलं नव्हतं." त्यांनी कागद परत दिला. "असं लिहा, ज्यांना आम्ही बहादूर म्हणत असू, त्यांचं नाव पदम साउद."

स्वप्नाने एकदा सूरजकडे पाहिलं आणि कीबोर्ड ओढला. बदललेल्या कागदावर काकांनी सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाची.

ते गेल्यावर स्वप्नाने सूरज आणि मनस्वीसमोर अर्ज उघडला. "अर्जात नेपाळच्या कागदावरचंच नाव जाणार. धनसरा साउद. मनस्वी हे दुसरं नाव म्हणून खाली. म्हणजे उद्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आलं तर त्यावरही धनसरा असेल. पुढे बदलता येईल, पण तोवर तेच. चालेल?"

"चालेल," सूरज म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

मनस्वी टेबलावरच्या कागदांकडे बघत होती. वडलांचं नाव ताज्या शाईत अजून चमकत होतं. लग्नात तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिचीही तक्रार नव्हती. तांदळात गुणवंतीने बोटाने अक्षरं काढली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला ते नाव आवडलंही होतं. पण आज कुणीतरी उत्तरासाठी थांबलं होतं.

"आई रागावतील," ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "रागावू देत. पदम साउदच्या लेकीचं नाव मनस्वी कसं असेल? धनसराच लिहा."

गुणवंती रागावली नाही, रुसली. एक जेवण कुणाशी बोलली नाही. मग ताट उचलता उचलता म्हणाली, "सरकारास काय हाक मारायची ती मारू दे. या घरात ती मनस्वीच."

"हो आई."

"आणि ता नाव तरी काय, म्हणायला जीभ वळत नाय. धन... काय गो?"

"धनसरा."

"मेला पावसाच्या सरीचा नाव वाटता," गुणवंती म्हणाली आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली.

लग्नाची नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागला. मग अर्ज ऑनलाइन भरला आणि एका सकाळी दोघं सगळे मूळ कागद घेऊन कलेक्टर कचेरीत गेली. व्हरांड्यात बाकं भरलेली होती. सूरज पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि पुन्हा पुन्हा कागदांचा क्रम तपासत राहिला. जन्म, शाळा, लग्न, काकांचं प्रतिज्ञापत्र. कुठे हवा धरलेली नाही ना? मंजुरी येईल की नाही, कधी येईल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. स्वप्नाने आधीच बजावलं होतं, चौकशा होतील, कागद मुंबई-दिल्ली करतील, धीर धर. सूरजला आज एवढंच हवं होतं की हे कागद त्या दारातून आत जावेत आणि परत बाहेर येऊ नयेत.

आतून शिपायाने एक नाव पुकारलं. सूरजने ते ऐकलं आणि दुसऱ्या कुणाचं तरी असावं म्हणून कागदांत डोकं घातलं. शिपायाने पुन्हा पुकारलं.

तो वर बघतो तर शेजारची जागा रिकामी होती. ती दारापर्यंत पोचलीही होती. शिपायाला सांगत होती, "हो, मीच." मग मागे वळून तिने हात पुढे केला, पिशवीसाठी.